लांबलेला शुक्रवार

सोमवार, ८ जानेवारी १९७३

बँकेकडून आलेली ही डायरी रॅन्समनं माझ्यापुढे सरकवली. म्हणाला, "घे जीन, कुणाच्या घरी काय शिजवून नेलंस ते लिहीत जा." गंमत करत होता. पण तो नसताना घर फार मोठं वाटतं, तेव्हा लिहीन म्हणते.

आज तो राजधानीला गेला. विधानसभेचं अधिवेशन सुरू झालं. आता मार्चच्या मध्यापर्यंत तो घरी यायचा तो शनिवार-रविवारी, तेही जमलं तर. इतकी वर्षं आमदार आहे, तरी निघताना दारात थांबून सगळे खिसे चाचपतो. मग मी त्याचा चष्मा पुढे करते आणि तो जातो.

जाण्याआधी त्यानं कोर्टाच्या एका कागदावर सही केली. स्प्रेबेरी खटल्याचा. आमच्या राज्यात वकील जर आमदार असेल, तर सभा चालू असेपर्यंत कुठलंही कोर्ट त्याला बोलावू शकत नाही. खटला आपोआप पुढे ढकलला जातो. आणि आमच्या जिल्ह्यात कोर्ट बसतं फेब्रुवारीत, नाहीतर ऑगस्टमध्ये. म्हणजे आता ऑगस्ट.

खटला डॉयल स्प्रेबेरीनं गिरणीवर केलाय. कार्डिंग खात्यात कापूस पिंजताना जी धूळ उडते, तिनं आपली फुप्फुसं गेली असं तो म्हणतो. गिरणी म्हणते, सिगरेटींनी गेली. दीड वर्ष गिरणीचा वकील दुसराच कोणी होता. मॅनेजर बॅस्कमसाहेबांनी गेल्या महिन्यात त्याला काढून रॅन्समला नेमलं. मी विचारलं, "ऐन अधिवेशनाच्या तोंडावर?" तर म्हणाला, "माणसाची किंमत कळायला वेळ लागतो." मला अभिमान वाटला. बॅस्कमसाहेबांकडून एक आख्खं हॅम आलंय. दोघांना महिनाभर पुरेल.

डॉयलची बायको आयव्हा ली आणि मी टेकडीवर वाढलो, गिरणीनं कामगारांसाठी बांधलेल्या घरांत, एकाच रांगेत. पुढे मी लग्न करून खाली गावात आले. ती तिथंच राहिली. ती काय म्हणेल, हे मनातून जात नाही.

रविवार, १४ जानेवारी

चर्चमध्ये आयव्हा ली नेहमीसारखी माझ्या शेजारी उभी राहून गायली. डॉयल आत आला नाही. त्याला आता पायऱ्या चढवत नाहीत. बाहेर पेकानच्या झाडाखाली ट्रक उभा करून, काच खाली करून तो बसतो आणि ऐकतो. भजनाच्या दोन कडव्यांच्या मधे शांतता असते तेव्हा त्याचा खोकला आत येतो. माझ्या लक्षात आलं, आयव्हा ली कडव्याचा शेवटचा सूर जरा जास्तच लांबवते. खोकला त्याखाली झाकला जातो.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "काय मिसेस लेडबेटर!"

चिडली की ती मला असं म्हणते.

"असं नको ना गं."

"बरं, जीन. तुझा नवरा तिकडे कायदे करतोय की झोपा काढतोय?"

"सभा संपली की येईल."

"आणि मग ऑगस्ट."

"कायदाच तसा आहे, आयव्हा ली. त्याच्या हातात काही नाही."

"कायदा केला कोणी? तिथं बसलेल्या वकिलांनीच ना?" ती हसली, पण डोळे हसले नाहीत. "डॉक्टर म्हणतो, ऑगस्ट काही धरून चालू नका. डॉयलला दुसरं काही नको गं. एकदा कोर्टात उभं राहून, लोकांच्या देखत सांगायचंय. बस."

तेवढ्यात डॉयल ट्रकमधून ओरडला, "अगं ए, सोड त्या आमदारीणबाईंना! घरी ओव्हनमध्ये कोंबडी करपतेय!" आणि मग त्या ओरडण्याची किंमत म्हणून बराच वेळ खोकत राहिला.

मंगळवार, २३ जानेवारी

आईकडे गेले होते. ती अजून टेकडीवरच्याच घरात राहते. ओठात तपकिरीची चिमूट आणि मांडीवर थुंकायला कॉफीचा डबा.

"स्प्रेबेरीचा पोरगा गिरणीशी भांडतोय म्हणे," ती म्हणाली. "आणि आपले जावईबापू गिरणीच्या बाजूनं."

"वकील आहे तो, आई. कुणाला तरी ती बाजू घ्यावीच लागते."

"हो तर. बिचारी गिरणी, तिला कोण आहे?" आई डब्यात थुंकली. "तुझ्या बापाला काय झालं होतं गं?"

"दमा. गिरणीच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं."

"मोठा शहाणा दमा होता तो. रविवारी सुट्टी घ्यायचा आणि सोमवारी कामावर हजर व्हायचा."

आई म्हातारपणी कडवट होत चालली आहे. तिच्या झोपेच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलायला हवं.

शनिवार, ३ फेब्रुवारी

रॅन्सम काल आला. येताना पेकानची चिक्की आणली. खुशीत आहे. यंदा नदीवरचा नवा पूल मंजूर होईल असं त्याला वाटतंय. लाकडी पुलावरून शाळेची बस जाते तेव्हा ड्रायव्हर मुलांना उतरवतो, रिकामी बस पलीकडे नेतो, आणि मुलं मागून चालत येतात. त्या मुलांसाठी रॅन्सम चार वर्षं झगडतोय. हे त्याच्याबद्दल लोकांना माहीत असायला हवं.

जेवताना मी विषय काढला. डॉयलच्या वकिलांचा, त्या तरुण कॅन्ट्रेलचा, अर्ज आलाय. डॉयलची जबानी शपथेवर, त्याच्या घरीच घ्यावी. म्हणजे तो कोर्टापर्यंत टिकला नाही तरी त्याचं म्हणणं ज्यूरीला वाचून दाखवता येईल.

"सभा आहे तोवर तेही मला लागू नाही," रॅन्सम म्हणाला.

"पण तुला वाटलं तर तू हो म्हणू शकतोस ना?"

"मला वाटलं तर." त्यानं मक्याचा पाव मोडला. "जीन, मी गिरणीचा वकील आहे. डॉयलचा नाही. गिरणीत नऊशे माणसं कामाला आहेत. उद्या गिरणीनं दुसऱ्या राज्याची वाट धरली, तर माझा तो पूल ओलांडून जायला कोण उरेल?"

"डॉयल मरेल रे."

त्यानं पाव ताटात परत ठेवला. "बघतो," म्हणाला. मग ताटातलं काही त्यानं खाल्लं नाही. त्याच्या पोटाचं दुखणं पुन्हा वाढलंय.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

चिकन, भात आणि वर चीज घालून भाजलं, आणि टेकडीवर घेऊन गेले. आयव्हा ली कामावर होती. डॉयलनं खुर्चीतूनच आवाज दिला, "दार उघडंच आहे, आमदारीणबाई! आम्ही गरीब लोक कुलपं लावत नाही."

तो फार वाळलाय. पूर्वी बेसबॉलमध्ये गिरणीच्या संघाकडून खेळायचा, आम्ही मुली कुंपणावर बसून त्याला बघायचो. आता खांदे पुढे काढून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून बसतो, जसं काही खाली पडलेलं शोधतोय.

"वेळ आहे का?" त्यानं विचारलं. "मग ज्यूरी हो. समोर बस. नाही, हसायचं नाही. ज्यूरी हसत नसते."

मी बसले. त्यानं केसांवरून हात फिरवला आणि सांगायला लागला. त्यानं सगळं जुळवून ठेवलंय. दोन वाक्यं, मग श्वास. दोन वाक्यं, मग श्वास. सोळाव्या वर्षी तो कार्डिंग खात्यात लागला. तिथं दिव्यांभोवती धूळ अशी फिरायची की दुपारी समोरचा माणूस दिसायचा नाही, नुसते पाय दिसायचे. शिफ्ट संपली की बायका केस झाडायच्या आणि खाली पांढरा ढीग पडायचा. "आम्ही त्याला बर्फ म्हणायचो. आमच्याकडे दुसरा बर्फ कुठं पडतो?" रविवारी छाती मोकळी व्हायची. सोमवारी आत पाऊल टाकलं की कुणीतरी छातीवर गुडघा ठेवल्यासारखं व्हायचं. मग मंगळवारीही. मग रविवारीही. फोरमनला सांगितलं तर तो म्हणायचा, चांगली दारू पी.

मधेच त्याचा श्वास पुरेना. मी उठले तर त्यानं हातानंच बसायला सांगितलं. ज्यूरी उठत नाही.

शेवटी म्हणाला, "बस, एवढंच. मला कुणाचं वाईट करायचं नाही. आम्ही काय श्वासात घेतलं ते त्यांना ठाऊक होतं, एवढं त्यांनी ऐकून घ्यावं. हां, मग? निकाल?"

"ज्यूरी जेवण झाल्यावर सांगेल," मी म्हटलं. "आधी खा, गार होतंय."

तो हसला. "विकत घेतली वाटतं ज्यूरी. चीज घालून."

घरी येताना मला वाटत राहिलं, दम्याचे प्रकार तरी किती असतात. डॅडींनाही सोमवारीच व्हायचं.

रविवार, १८ फेब्रुवारी

रॅन्समला मी म्हटलं, "डॉयलनं मला सगळं सांगितलंय. शब्द न् शब्द माझ्या लक्षात आहे. त्याला काही झालं तर मी कोर्टात सांगू शकते का?"

तो हसला नाही, हे बरं झालं. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "ऐकीव गोष्ट चालत नाही, राणी. आणि तू माझी बायको आहेस."

नंतर तो बराच वेळ अंगणात फिरत राहिला. आत आला तेव्हा म्हणाला, "शुक्रवार, १६ मार्च. त्या दिवशी सभा संपते. सोमवारी, १९ तारखेला, मी स्वतः डॉयलच्या घरी येतो. कॅन्ट्रेलला म्हणावं, टायपिस्ट घेऊन ये. बॅस्कमना मी काय ते सांगेन."

मी त्याच्या गळ्यात पडले. तो म्हणाला, "अगं, थांब, थांब, अजून काही झालेलं नाही." पण मला ठाऊक होतं, माझा माणूस मुळात चांगलाच आहे.

सोमवार, २६ फेब्रुवारी

माझं भांडं परत आलं. आत सोललेले पेकानचे दाणे भरलेले. डॉयल बसल्या बसल्या सोलतो. टेकडीवर कुणी रिकामं भांडं परत करत नाही.

सोमवार, १२ मार्च

आता ऑक्सिजनची टाकी आणलीय. डॉयल तिला "सवत" म्हणतो. आयव्हा लीला म्हणाला, "रात्रभर माझ्या कानाशी फुसफुसते, तू कधी एवढं प्रेम केलंस?" आयव्हा लीनं त्याच्या डोक्यावर टपली मारली.

खोलीच्या दारावर पांढरा शर्ट टांगलेला होता, कडक इस्त्री केलेला.

"घरीच तर सांगायचंय," मी म्हटलं.

"घरी असलं तरी शपथेवर आहे," डॉयल म्हणाला. "सोमवारी मी गंजीफ्रॉकवर शपथ घेऊ होय? आणि कॉलर बघ ती. हिनं आयुष्यभर गिरणीत कापड केलं, पण कॉलरची इस्त्री काही जमली नाही."

दोन वाक्यांत आता दोन श्वास लागतात. पण त्याचे डोळे चांगले वाटले. एक आठवडा काय, असाच जाईल.

शुक्रवार, १६ मार्च

सकाळपासून घर झाडलं. रॅन्समच्या आवडीचं रताळ्याचं गोड केलं. संध्याकाळी त्याचा फोन आला. मागून इतका गोंधळ ऐकू येत होता की मला ओरडावं लागलं. पुलाचं बिल अजून यायचंय, त्याच्या आधी पुष्कळ बिलं आहेत. कायद्यानं आज रात्री बारा वाजता सभा संपायलाच हवी.

"मग पूल?" मी विचारलं.

"होईल काहीतरी," तो म्हणाला.

शनिवार, १७ मार्च

सकाळी आठला फोन. आवाज पार बसलेला, पण लहान मुलासारखा खुश.

"जीन, अजून शुक्रवारच आहे!"

"काय?"

बारा वाजायला पाच मिनिटं असताना सभागृहाच्या शिपायानं शिडी लावली आणि भिंतीवरचं घड्याळ थांबवलं. अध्यक्षांनी नजर दुसरीकडे वळवली. जुनी पद्धत आहे म्हणे. घड्याळात बारा वाजले नाहीत म्हणजे कागदोपत्री शुक्रवार संपला नाही, आणि शुक्रवार आहे तोवर सभा चालू. "शिडी धरायला कोण होतं माहितीय? तुझा नवरा. पुलासाठी मी नुसती शिडी काय, शिपायालाही खांद्यावर घेतलं असतं." बिलं अजून चालली होती. रात्रीपर्यंत पोचतो म्हणाला.

मीही हसले. हे मी इथं लिहून ठेवते, की मी हसले.

अकराच्या सुमाराला आई दारात. टेकडीवरून इथपर्यंत पायी आली होती, घरातल्या चपलांनिशीच.

"डॉयल गेला," ती म्हणाली. "दहा वाजता. खुर्चीतच."

मी राजधानीला फोन लावला. रॅन्समला बोलावून आणायला बराच वेळ गेला. मी सांगितलं. मागे कुणीतरी ठराव वाचत होतं, लोक हसत होते.

"सोमवारी..." तो म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "कार्डिंग खात्यात तो किती वर्षं होता गं?"

"एकतीस."

"मी इथून त्याच्यासाठी काहीतरी करतो."

मला तेव्हा बरं वाटलं. निदान काहीतरी.

सोमवार, १९ मार्च

चर्च भरलं होतं. बॅस्कमसाहेब दुसऱ्या बाकावर बसले होते. डॉयलला तो पांढरा शर्टच घातला होता.

पाद्रींचं झाल्यावर रॅन्सम उठला. सभेनं डॉयलसाठी दुखवट्याचा ठराव केला होता. जाड कागद, खाली सोनेरी शिक्का, निळी फीत. आमच्याकडे ज्याच्या घरी असा ठराव येतो, ते तो चौकटीत घालून बैठकीत लावतात. रॅन्समचा आवाज अजून बसलेला होता, पण त्यानं वाचायला सुरुवात केली आणि सगळं चर्च स्तब्ध झालं.

"ज्याअर्थी परमेश्वराच्या इच्छेनं श्री. डॉयल स्प्रेबेरी यांचं निधन झालं आहे. आणि ज्याअर्थी त्यांनी एकतीस वर्षं कार्डिंग खात्यात इमानेइतबारे सेवा केली. त्याअर्थी हे सभागृह, आज शुक्रवार, दिनांक १६ मार्च रोजी, एकमतानं..."

बायका रडत होत्या. मीही. आयव्हा ली समोर बघत होती.

नंतर तिच्या घरी आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. अख्ख्या गावाची भांडी आली होती, प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव. ती धूत होती, मी पुसत होते. तो ठराव कुणीतरी साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. ती मधेमधे त्याच्याकडे बघत होती.

"ही तारीख कसली गं?"

मी सांगितलं. घड्याळ, शिडी, सगळं. "त्यांच्यासाठी तो शुक्रवारच होता," मी म्हटलं. म्हणताना माझं मलाच ऐकू आलं.

"शुक्रवारी डॉयलनं दोन अंडी खाल्ली," आयव्हा ली म्हणाली. "कॉलरवरून माझ्याशी भांडला. म्हणजे माझा माणूस जिवंत असताना यांनी त्याचा दुखवटा उरकला."

"तसं नाही गं ते..."

"घड्याळ असं धरून ठेवता येतं त्यांना?"

"हो."

"पुलासाठी."

"हो. मुलांच्या बससाठी."

तिनं साबणाचे हात पाण्यात तसेच ठेवले. "मला तर वाटलं होतं, त्यांच्या हातात काहीच नसतं. तूच म्हणाली होतीस, चर्चच्या बाहेर."

मी पुसत असलेली थाळी पुन्हा पुसली.

तेवढ्यात रॅन्सम दारात आला. हातात टोपी होती. "आयव्हा ली, काही लागलं, काहीही, तर..."

"रॅन्सम, आज सोमवार ना?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तू सोमवारी यायचं कबूल केलं होतंस. आलास. बस ना. त्याची खुर्ची तिकडे आहे."

तो उभाच राहिला. अकरा वर्षं मी या माणसाची भाषणं ऐकतेय. लोक म्हणतात, रॅन्सम लेडबेटर झाडालाही पटवून देईल. तो टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला, आणि मग खिसे चाचपायला लागला, जणू कुठंतरी काहीतरी विसरलंय. पण मला त्याच्या हातात द्यायला काही सुचेना.

शुक्रवार, २३ मार्च

कॅन्ट्रेल आज खटला मागे घेऊन गेले. डॉयलशिवाय साक्षीदार नाही. कार्डिंग खात्यातले बाकीचे बोलायला तयार नाहीत, त्यांना सोमवारी कामावर जायचंय. रॅन्सम कोर्टात एक शब्दही न बोलता जिंकला. बॅस्कमसाहेबांनी फोन करून अभिनंदन केलं, पुलाचंही आणि याचंही. रॅन्सम "हो", "हो" म्हणत राहिला आणि फोन ठेवून आवारात जाऊन बसला. अजून आत आलेला नाही. दोनदा जेवायला हाक मारली.

दुपारी मी आईकडे गेले होते. तिला विचारायचं होतं, डॅडी कुठल्या खात्यात होते. ती डबा खाली ठेवून माझ्याकडे वळली. "चाळीस वर्षांची झालीस," म्हणाली, "आणि आज विचारतेस." मग तिनं मला जवळ घेतलं. मी पुन्हा विचारलं नाही.

घरी आले तर ओट्यावर माझं भांडं ठेवलेलं. आयव्हा लीनं धाडलं असणार. स्वच्छ घासलेलं, कोरडं पुसलेलं. बुडाची पट्टी तशीच होती, "मिसेस आर. लेडबेटर".

मी झाकण काढून पाहिलं. मग ठेवलं. मग पुन्हा काढून पाहिलं. आत काही नव्हतं.